प्रार्थना गावासाठी, तीही एकत्र

बुलढाणा जिल्ह्यातल्या ख्रिस्ती मंडळ्यांनी आपापल्या उपासना सांभाळूनही गावासाठी एकत्र प्रार्थना करायला हवी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' उभे राहिले, पण वऱ्हाडातली जुनी अलायन्स मंडळी त्यात नव्हती. इथले कॅथलिक अमरावती धर्मप्रांतात मोडतात. म्हणजे संघटनेचे ऐक्य अजून लांबच आहे. प्रार्थनेला मात्र ना घटना लागते, ना निवडणूक. १८ ते २५ जानेवारी हा ऐक्याचा प्रार्थना सप्ताह अनेक देशांत पाळला जातो, आणि ना. वा. टिळकांची भजने तर वेगवेगळ्या पंथांचे लोक कधीपासून गातात.

शिकवणीतले मतभेद मिटल्याशिवाय एकत्र बसायचे कसे, असा आक्षेप येईल. पण इथे विषय गाव आहे, बाप्तिस्म्याची पद्धत नव्हे. संग्रामपूर, जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यातला मूत्रपिंडाचा आजार पंथ विचारून येत नाही. प्रार्थनेने खारे पाणी गोड होते का, हा प्रश्न रास्तच आहे. नाही होत. मात्र रविवारी ज्या दुखण्याचे नाव सगळ्यांसमोर घेतले, त्याकडे सोमवारी पाठ फिरवणे अवघड जाते. डायलिसिसच्या रुग्णाला गाडी, कर्जात बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरी भेट, एवढे तरी घडते. यामागे धर्मांतराचा डाव असल्याची शंका घेतली जाईल. त्यावर उपाय एकच: दारे उघडी ठेवावीत, मदत विनाअट द्यावी आणि सभासद मोजू नयेत.