शाबूत दातांवर कानस

शहरांतील दंतवैद्यकीय व्यवसायाने अलीकडे एक नवी सोय बाजारात मांडली आहे. दात दुखत नसला, किडलेला नसला, हलत नसला, तरी तो घासून, त्याची टोके छाटून, प्रसंगी वर पोर्सिलेनचा पापुद्रा चिकटवून त्याला ‘आदर्श’ आकार द्यावयाचा. ‘स्माईल डिझायनिंग’ हे तिचे नाव. धडधाकट माणसाला रुग्ण करून सोडण्याची ही किमया नफ्याच्या बाजारालाच साधू जाणे!

या प्रकाराचे मूळ हॉलिवूडमध्ये आहे. १९२८ च्या सुमारास चार्ल्स पिंकस नावाच्या दंतवैद्याने नटनट्यांच्या दातांवर बसविण्यासाठी नकली दर्शनी दात तयार केले. ते चित्रीकरणापुरते चिकटवीत आणि काम संपले की काढून ठेवीत. त्या मायानगरीत निदान खरे दात तरी शाबूत राहत. आज तो मुखवटा कायमचा बसविला जातो आणि त्यासाठी बहुधा दाताचे कवचच घासले जाते. हे कवच, म्हणजे एनॅमल, शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु ते घडविणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येताच नाहीशा होतात. घासून गेलेले एनॅमल पुन्हा येत नाही. उलट वरचा पापुद्रा, ज्याला व्हिनियर म्हणतात, तो काही जन्मभर टिकत नाही. दहा-पंधरा वर्षांनी तो बदलावा लागतो, आणि तोवर मागे फिरण्याची वाट बंद झालेली असते. विक्रेत्याच्या दृष्टीने याहून पक्के गिऱ्हाईक कोणते?

पहिल्या पगारातून दात ‘नीट’ करून घेणाऱ्या मुलीला चंगळवादी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण हॉटेलात, विमानात, विक्रीच्या दालनात तिच्या श्रमाबरोबर तिचे हसूही विकत घेतले जाते, आणि ते कसे दिसावे हे मालक ठरवितो, हे विसरून चालणार नाही. दंतवैद्यालाही एकट्याला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करण्यात अर्थ नाही. देशातील तीनशेहून अधिक दंत महाविद्यालयांपैकी बहुसंख्य खाजगी आहेत. तेथे लाखो रुपये मोजून पदवी घेतलेला तरुण कर्ज फेडण्यासाठी जेथे पैसा आहे तेथेच दवाखाना थाटणार.

दाताला आकार देण्याची विद्या मुळात टाकाऊ नाही. तिची खरी गरज कोठे आहे, हे पाहावयाचे असेल तर यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील फ्लोराईडयुक्त पाण्याच्या गावांत जावे. बोअरवेलचे ते पाणी लहानपणापासून पिणाऱ्या मुलांचे कायमचे दात उगवतात तेच पिवळे-तपकिरी, क्वचित खाचा पडलेले. कितीही घासले तरी तो डाग जात नाही. लग्नाच्या बोलण्यांत मुलीचे दात आडवे येतात, आणि दोष मात्र तिच्या अस्वच्छतेला दिला जातो. हे विद्रूपीकरण निसर्गाइतकेच शुद्ध पाणी न पुरविणाऱ्या शासनाचेही आहे. या मुलींच्या दातांवर उपचार करण्याचे तंत्र उपलब्ध आहे. पण ते शोधते ती पैशाची थैली, दात नव्हे.

दातांसारखा क्षुल्लक विषय चळवळीने कशाला हाती घ्यावा, असे काही साथींना वाटेल. १९४८ साली ब्रिटनच्या मजूर सरकारने राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू केली, तेव्हा कवळ्यांसाठी श्रमिकांची रीघ लागली होती. इतकी वर्षे बोळक्या तोंडाने जगलेली ती माणसे! १९५१ च्या अंदाजपत्रकात शस्त्रसज्जतेच्या खर्चापायी कवळ्या आणि चष्मे यांवर शुल्क बसविण्याचे ठरले, तेव्हा त्या सेवेचे जनक अन्यूरिन बेव्हन यांनी मंत्रिपदावर लाथ मारली. हॅरॉल्ड विल्सनही त्यांच्याबरोबर बाहेर पडले. बेव्हन यांना तो प्रश्न क्षुल्लक वाटला नव्हता. आज त्याच देशात सरकारी सेवेतील दंतवैद्य मिळणे अनेकांना दुरापास्त झाले आहे, आणि तेथील तरुण स्वस्तात ‘हसू’ विकत घेण्यासाठी तुर्कस्तानात जाऊन चांगले दात खुंटांसारखे घासून घेतात व त्यांवर कॅपा चढवून परततात. पुढे उद्भवणाऱ्या दुखण्यांबद्दल ब्रिटिश डेंटल असोसिएशनला इशारे द्यावे लागले आहेत.

महाराष्ट्रात खेड्यातील मजुराची दाढ ठणकू लागली की तो ती उपटून मोकळा होतो, कारण रूट कॅनाल त्याच्या ऐपतीबाहेर असते. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दाढ वाचविण्याचे उपचार विनामूल्य मिळावेत, आणि फ्लोराईडग्रस्त गावांतील मुलांच्या दातांची दुरुस्ती शासकीय दंत महाविद्यालयांनी गावात येऊन करावी, ही मागणी कार्यकर्त्यांनी जिल्हा परिषदांपुढे धरली पाहिजे. मात्र तिच्याही आधी नळाने निर्धोक पाणी मागितले पाहिजे. अक्कलदाढा सोडल्या तर कायमच्या दातांचे एनॅमल वयाच्या पहिल्या आठ वर्षांतच घडून जाते. आज त्या गावांत रांगणाऱ्या मुलांच्या हाती तेवढीच वर्षे आहेत.