परीक्षणाला जात असते काय?

दर जानेवारीत जळगावात बालगंधर्व संगीत महोत्सव भरतो आणि वर्तमानपत्रांत त्याची परीक्षणे येतात. गायिकेने कोणता राग घेतला, विलंबित ख्याल कसा मांडला, तबल्यावर कोण होते, सारे तपशीलवार. आम्ही ती आवडीने वाचतो. पण एप्रिलमध्ये याच शहरातल्या वस्त्यावस्त्यांत भीमगीतांचे कार्यक्रम रंगतात, तेव्हा बातमी एका ओळीत संपते : 'जयंती उत्साहात साजरी.' गायक कोण, गीत कोणाचे, चाल कोणाची, ढोलकीवर कोण? अवाक्षर नाही. 'उत्साह' नावाचा कोणता राग आहे, हे आम्हांला अजून कळलेले नाही!

आमचे अभिजात संगीताशी वैर नाही. बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते. आमचे म्हणणे एवढेच की, हे संगीत कोणा एका जातीचे वतन नाही. बालगंधर्वांना लहानपणी याच जळगावात गाण्याचे धडे दिले ते मेहबूब खाँ यांनी. १९२४ च्या बेळगाव काँग्रेसमध्ये स्वागतगीत गाणाऱ्या लहानग्या गंगूबाई हनगल यांना धास्ती गाण्याची नव्हती. जेवणावळीनंतर आपल्याला जागा साफ करायला लावतील, याची होती. केसरबाई केरकर गोव्याच्या कलावंत समाजातल्या. त्यांच्या भैरवीची ध्वनिमुद्रिका १९७७ साली व्हॉयेजर यानातून अंतराळात गेली. अशा ध्वनिमुद्रिकांवर लिहिणारे घराणे सांगतात, ताना मोजतात. पण ती गाणारी कोणत्या समाजातून, काय सोसून आली, हे लिहिताना बहुतेकांची लेखणी अडखळते.

कोणी म्हणेल, एका परीक्षणाने काय बिघडते? आम्ही वकिली करतो, म्हणून सांगतो : परीक्षण हा दस्तऐवज असतो. ज्याची नोंद आहे, त्याचा हक्क मागता येतो. वामनदादा कर्डक २००४ साली गेले. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क टिकतो. म्हणजे त्यांच्या गीतांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत शाबूत आहे. गीताबरोबर आपले नाव लागावे, हा अधिकारही त्याच कायद्याचे कलम ५७ देते. पण गीत अमक्याचेच, हे कोर्टात शाबीत कशाने करणार? वामनदादांचे नाव मोठे, ते टिकले. खेड्यापाड्यांत वहीत गीते लिहून गेलेल्या आमच्या अनाम शाहिरांचे काय? त्यांची गीते ओठांवर आहेत, नावे मात्र मातीत गेली.

दोष सारा प्रस्थापितांवर ढकलून आम्हांला मोकळे होता येणार नाही. आमच्या गीतांवर आम्ही तरी कधी लिहिले? आवाज चांगला असून सूर सुटला, तर तसे सांगितले? सिनेमाची उसनी चाल घेऊन तिच्यात बाबासाहेबांचे नाव कोंबले, तर हटकले? डीजेच्या भिंतीपुढे शब्दच ऐकू येत नाहीत आणि आम्ही टाळ्या वाजवतो. आपल्या माणसाचे गाणे म्हणून त्याला सूट देणे, हाही त्याचा अपमानच आहे. समतेची मागणी करणाऱ्याने कसोटीही समान मागितली पाहिजे.

१९३७ साली ३१ जुलैला बाबासाहेब खटल्याच्या कामासाठी धुळ्यास आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यावर राहिले. दरवर्षी त्या दिवशी तेथे समाज लोटतो, गाणी होतात. यंदा तेथे जाणाऱ्या शिकल्यासवरल्या तरुणांना आमचे सांगणे आहे : मोबाइलवर गाणे मुद्रित करा, पण सोबत एक वहीही ठेवा. गायक, गीतकार, चाल, वादक, गाव, तारीख लिहा. काय उत्तम झाले आणि काय फसले, तेही न भिता लिहा आणि वर्तमानपत्राकडे पाठवा. जानेवारीतल्या महोत्सवालाही जा, तिकीट काढून पुढे बसा, कान तयार करा आणि त्यावरही लिहा.

दुसऱ्याने आमची नोंद घ्यावी, म्हणून किती काळ वाट पाहायची? लेखणी बाबासाहेबांनी आमच्या हातात कधीच दिली आहे.