राऊटर विकण्याआधी हरवलेला रूट शोधा

नेटवर्किंगचं दुकान किंवा एएमसीचा व्यवसाय सुरू करणार असाल, तर माझं एक स्पष्ट मत ऐका. "दुसऱ्या ऑफिसचा सर्व्हर उघडत नाही" असं गिऱ्हाईक म्हणालं, की लगेच नव्या राऊटरचं कोटेशन देऊ नका. तुमची खरी कमाई डबा विकण्यात नाही, निदान करण्यात आहे.

समजा, जुन्या ऑफिसात आरआयपी चालतं आणि नव्यात ओएसपीएफ. मधला सिस्को राऊटर दोन्ही भाषा बोलतो, इकडचे रूट तिकडे देतो. यालाच रीडिस्ट्रिब्युशन म्हणतात. केबल ठीक, इंटरनेट चालू, तरी एका ऑफिसातून दुसरं दिसत नाही. आता काय बघायचं?

पहिलं, मधल्या राऊटरवर 'शो आयपी रूट'. राऊटर पुढे देतो ते स्वतःच्या टेबलात बसलेलेच रूट. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरं, मेट्रिक. आरआयपी हॉप मोजतं, जास्तीत जास्त 15. 16 म्हणजे रस्ता बंद! ओएसपीएफ मात्र कॉस्ट मोजतं. ओएसपीएफचे रूट आरआयपीत देताना सुरुवातीचं मेट्रिक लिहिलं नाही, तर सिस्को ते अनंत धरतो आणि रूट पुढे जातच नाही. उलट दिशेला ओएसपीएफ स्वतःहून 20 धरतं. पण तिथेही जुन्या आयओएसवर 'सबनेट्स' हा शब्द लिहायचा राहिला, तर 10.1.5.0/24 सारखे तुकडे गाळले जातात. पिंगला जायला वाट लागते तशी परत यायलाही लागते, म्हणून दोन्ही टोकांची टेबलं बघा.

तिसरं, मध्ये असे दोन राऊटर असतील तर जास्त सावध राहा. पहिल्याने आरआयपीचा रूट ओएसपीएफमध्ये दिला, की दुसऱ्याला तोच रूट दोन्हीकडून कळतो. तो ओएसपीएफवर विश्वास ठेवतो, कारण त्याचं डिस्टन्स 110 आणि आरआयपीचं 120. मग पॅकेट लांबच्या वाटेने जातं. तोच रूट पुन्हा आरआयपीत शिरला तर गोल गोल फिरणं सुरू! यावर उपाय म्हणजे रूट देताना टॅग लावा, दुसऱ्या राऊटरवर त्या टॅगचे रूट परत देणं अडवा, आणि ओएसपीएफच्या बाहेरून आलेल्या रूटचं डिस्टन्स 120 च्या वर न्या. अर्थात, हात लावण्याआधी कॉन्फिगरेशनचा बॅकअप हवाच.

गिऱ्हाईक विचारेल, "दोन ओळी टाईप करायचे एवढे पैसे?" शांतपणे सांगा, पैसे टायपिंगचे नाहीत, कोणत्या दोन ओळी हे शोधण्याचे आहेत. काय बिघडलं होतं आणि काय बदललं, हे बिलावर लिहून द्या.

आणि ऑफिसं दोन-तीनच असतील, तर सगळीकडे एकच प्रोटोकॉल किंवा साधे स्टॅटिक रूट ठेवायचा सल्ला द्या. त्यामुळे तक्रारी कमी येतील, व्हिजिटचे पैसे कमी होतील, हे खरं. पण न लागणारा राऊटर गळ्यात मारणाऱ्याला गिऱ्हाईक एकदाच बोलावतं. नको तो खर्च वाचवणाऱ्याचा नंबर मात्र ते आपणहून शेजारच्या दुकानदाराला देतं.

तुमच्या पहिल्या रेट कार्डवर 'तपासणी शुल्क' ही ओळ आजच लिहा. माल त्याच्या खाली येऊ द्या.