हा दगड कोणत्या खणात ठेवायचा?

३० मे १८६३ चा दिवस. मद्रासजवळ पल्लवरम येथे कवायतीच्या मैदानालगतच्या खडीच्या खड्ड्यात एका तरुण भूवैज्ञानिकाला एक दगड दिसला. एका टोकाला निमुळता, दोन्ही अंगांनी ठोकून घडवलेला. रॉबर्ट ब्रूस फूट हे त्या तरुणाचे नाव. रस्त्यावर पसरण्यासाठी निघालेल्या खडीतील तो दगड म्हणजे अश्मयुगातील माणसाची हातकुऱ्हाड होती. भारतात माणूस किती जुना, या प्रश्नाचा शोध त्या दगडापासून सुरू झाला.

पण एखादा दगड माणसाने फोडला की पाण्याच्या लोंढ्यात आपटून फुटला, हे कळते कसे? नेमक्या जागी घाव बसून कपचा निघाला, की त्याच्या आतल्या बाजूला घावाजवळ छोटासा उंचवटा राहतो. मूळ दगडावर तेवढीच खोलगट खूण उरते. अशा खुणा एकापाठोपाठ एक, धार काढण्याच्या हेतूने घेतलेल्या दिसल्या, की तेथे माणसाचा हात ओळखू येतो. नदीही दगड फोडते. मात्र तिच्या घावांत असा क्रम क्वचितच दिसतो.

यानंतरचे काम वर्गवारीचे. मूळ दगड हा गाभा आणि त्यातून निघालेला कपचा म्हणजे छिलका. निमुळत्या टोकाची ती हातकुऱ्हाड. कुऱ्हाडीच्या पात्यासारखी रुंद, सरळ धार असलेली ती फरशी. कातडे किंवा लाकूड खरवडण्याजोगी धार असलेल्या छिलक्याला तासणी म्हणतात. तरीही नुसत्या आकारावर भरवसा ठेवता येत नाही. वापरून, पुन्हा पुन्हा धार लावून हत्याराचा आकार बदलतो. म्हणून अभ्यासक ‘हा दिसतो कसा’ यापेक्षा ‘हा घडवला कसा’ हे आधी विचारतात. तितकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न म्हणजे ‘हा कोणत्या थरात सापडला?’

या प्रश्नाचे मोल महाराष्ट्रातच दिसून आले. ज्ञानेश्वरीमुळे घरोघरी ठाऊक असलेले नेवासे प्रवरेच्या काठी आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५० नंतरच्या दशकात तेथे नदीकाठचे थर तपासले. खालच्या थरात मोठ्या हातकुऱ्हाडी आणि फरश्या होत्या. वरच्या थरात मात्र अकीक, सूर्यकांत अशा बारीक पोताच्या दगडांच्या लहान तासण्या आणि टोचे मिळाले. ही हत्यारे निराळ्या टप्प्याची आहेत, हे त्यातून स्पष्ट झाले आणि भारतीय मध्य पुराश्मयुगाला स्वतःचा खण मिळाला.

या मधल्या टप्प्याचे एक खास तंत्र आहे. शंकरपाळे करताना पोळी आधी लाटून, आखून घेतली, की प्रत्येक तुकडा हवा तसा उतरतो. त्याचप्रमाणे हा कारागीर गाभ्याचा पृष्ठभाग आधी चहूकडून ठोकून तयार करी आणि मग एकाच घावात ठरल्या आकाराचा छिलका काढी. फ्रान्समधील एका ठिकाणावरून या तंत्राला ‘लव्हाल्वा’ म्हणतात. पुढच्या अनेक घावांचा आराखडा डोक्यात असल्याशिवाय हे जमत नाही. असा छिलका म्हणजे एका परीने गोठलेला विचारच.

आणि म्हणूनच खण चुकला तर इतिहास लाखो वर्षांनी चुकतो. फूटने १८६३ मध्येच चेन्नईच्या वायव्येस असलेले अत्तिरंपक्कम हे आणखी एक स्थळ शोधले होते. तेथे डॉ. शांती पप्पू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ पासून उत्खनन केले. सर्वांत खालच्या हातकुऱ्हाडी सुमारे १५ लाख वर्षांपूर्वीच्या असल्याचे त्यांनी २०११ मध्ये जाहीर केले. पुढे २०१८ मध्ये त्यांनी वरच्या थरांतील सात हजारांहून अधिक दगडांचा अभ्यास मांडला. त्यात हे मधल्या टप्प्याचे तंत्र सुमारे ३ लाख ८५ हजार वर्षांपूर्वीच अवतरलेले दिसले. ते भारतात सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेतून आलेल्या आधुनिक माणसाने आणले, असे अनेक जण मानत होते. त्या समजाला धक्का बसला. काही तज्ज्ञांनी शंका घेतल्या. कारण हत्यारांसोबत ती घडवणाऱ्यांची हाडे तेथे मिळालेली नाहीत. साक्ष आहे ती केवळ दगडांची.

नदीकाठी फिरताना असा एखादा दगड कोणालाही दिसू शकतो. तो उचलून घरच्या कपाटात मांडण्याचा मोह होईल. पण थरातून निघाला, की त्याचे निम्मे बोलणे बंद होते. त्यापेक्षा तो जागीच ठेवावा, छायाचित्र घ्यावे, जागेची नोंद करावी आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. लाखो वर्षे जपून राहिलेला निरोप आपल्या खिशात हरवू नये, एवढे तर कोणालाही करता येईल.