अखेरच्या घडीचा आधार

असाध्य आजारात रुग्णाचे दुःख हलके करणाऱ्या पॅलिएटिव्ह केअरमध्ये, जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, शारीरिक आणि मानसिक वेदनांबरोबर आध्यात्मिक वेदनांचाही विचार अभिप्रेत आहे; १९६७ मध्ये लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी या एकत्रित भाराला ‘समग्र वेदना’ म्हटले. पाश्चात्त्य रुग्णालयांत त्यासाठी चॅप्लेन, म्हणजे कोणताही धर्म न लादता रुग्णाच्या श्रद्धेनुसार धीर देणारा प्रशिक्षित सेवक, नेमलेला असतो. आपल्याकडे हे काम घरची माणसे करतात. परंतु चाकणच्या कारखान्यात राबण्यासाठी बिहारमधून किंवा मराठवाड्यातून आलेल्या कामगाराची घरची माणसे शेकडो कोस दूर असतात, आणि देहू-आळंदी हाकेच्या अंतरावर असूनही अतिदक्षता विभागात त्याच्या ओठांवर तुळशीपत्र ठेवणारे, कानाशी हरिपाठ किंवा कलमा म्हणणारे कोणी नसते. ही उणीव औषधाने भरून निघणारी नाही. पुण्यातील वारज्याचे सिप्ला पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ पासून कर्करुग्णांची विनामूल्य शुश्रूषा करीत आहे. तो अनुभव जवळच उपलब्ध असल्याने पिंपरी-चिंचवड महापालिकेने यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात अशा एकाकी रुग्णांसाठी मराठी-हिंदी जाणणारे, चॅप्लेनसारखे प्रशिक्षित सेवक नेमावेत आणि भेटीच्या वेळेचे बंधन त्यांच्यासाठी शिथिल करावे.