पोकरच्या चिप्स, तीस भागीदार आणि एक आयातदार

आठशे डॉलरपर्यंतच्या परदेशी पार्सलांना मिळणारी सीमाशुल्काची सूट अमेरिकेने २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद केली. त्यावरची चर्चा मुख्यत्वे स्वस्त कपडे विकणाऱ्या चिनी कंपन्यांभोवती फिरली आणि ते स्वाभाविकही होते. परंतु याच सवलतीच्या आधाराने अनेक लहानसहान, बिनव्यापारी व्यवहार निर्धास्तपणे चालत आले होते. संग्राहकांनी एकत्र येऊन पोकरच्या चिप्स खास घडवून घेणे हा त्यांपैकी एक. उलाढालीच्या दृष्टीने तो नगण्यच म्हणावा लागेल. मात्र कायद्याने पाय ओढून घेतला की केवळ विश्वासावर उभ्या असलेल्या व्यवहाराचे काय होते, हे त्यात जितके स्पष्ट दिसते तितके मोठ्या कंपन्यांच्या ताळेबंदात दिसणार नाही.

मांडवीतील जहाजांमुळे गोमंतकीय वाचकाला चिप ठाऊक आहे ती कॅसिनोची. संग्राहकांच्या जगात मात्र दोन निराळे पंथ आहेत. पहिल्याला प्रत्यक्ष कॅसिनोंत वापरल्या गेलेल्या, विशेषतः बंद पडलेल्या कॅसिनोंच्या चिप्स हव्या असतात. त्यांची संघटना १९८८ पासून अमेरिकेत कार्यरत आहे आणि लास व्हेगासला तिचे संमेलनही भरते. गंमत अशी की, नेवाडा राज्याच्या नियमानुसार चिप ही ग्राहकाची मालमत्ता नसतेच. ती कॅसिनोच्या देण्याचा केवळ पुरावा असते आणि मालकी कॅसिनोकडेच राहते. दुसऱ्या पंथाला घरच्या खेळासाठी स्वतःचा संच हवा असतो. स्वतः कल्पिलेल्या एखाद्या कॅसिनोचे नाव, आपले रंग, आपले चिन्ह असलेला. सामूहिक खरेदीची गरज भासते ती या दुसऱ्या पंथाला.

ती का भासते, याचे उत्तर चिप घडवण्याच्या कृतीत आहे. जिला ‘क्ले’ म्हणजे मातीची चिप म्हणतात तिच्यात माती असते ती नावापुरती. रंगीत मिश्रणाच्या पत्र्यांतून चकत्या कापल्या जातात. कडेचे वेगळ्या रंगाचे पट्टे रंगवलेले नसतात. मूळ चकतीचा तेवढा तुकडा कापून काढून तिथे दुसऱ्या रंगाचा तुकडा बसवला जातो. मग मधोमध छापील बिल्ला ठेवून हे सारे साच्यात घालतात आणि उष्णता व दाब देऊन एकजीव करतात. पट्टे जितके अधिक, तितके हातकाम अधिक. ‘सिरॅमिक’ म्हणून ओळखली जाणारी चिपही खऱ्या अर्थाने सिरॅमिक नसून प्लास्टिकची असते. तिच्या संपूर्ण पृष्ठभागावर, अगदी कडेवरही, छपाई करता येते. दोन्ही प्रकारांत नवा नमुना उभा करण्याचा खर्च पाचशे चिप्सना जवळजवळ तेवढाच येतो जेवढा पंधरा हजारांना. त्यामुळे एकट्यादुकट्याच्या मागणीला कारखानदार एक तर नकार देतात, नाही तर परवडणार नाही असा भाव सांगतात.

या क्षेत्रात ज्या पॉलसन चिप्सना मानाचे स्थान आहे, त्या बनवणारी कंपनी घरगुती ग्राहकांना माल विकत नाही. पॉलसन आणि फ्रान्समधील बोन गावची बुर्गोन्य ए ग्रासे या दोन कंपन्यांच्या एकत्रीकरणातून उभा राहिलेला हा उद्योग २०१९ मध्ये जपानच्या एंजल या पत्ते बनवणाऱ्या कंपनीने विकत घेतला. मेन राज्यातील पोर्टलंड हे अशा चिप्स घडवणाऱ्या छोट्या कारखान्यांचे जुने ठिकाण. पण तिथली चिप महाग, आणि वाट पाहण्याचा काळ दीर्घ. उरला चीन. अमेरिकी संग्राहकांच्या बहुतेक सामूहिक मागण्या गेल्या काही वर्षांत तिकडे वळल्या त्या यामुळे.

अशा खरेदीचा एक संयोजक असतो. तो व्यापारी नसतो; त्यालाही स्वतःसाठी एक संच हवा असतो, एवढेच. किती जणांना रस आहे हे तो आधी चाचपतो, नमुन्यावर मते घेतो, कारखान्याशी बोलणी करतो आणि नमुन्याच्या चिप्स मागवतो. पडद्यावर दिसणारा निळा आणि हातात येणारा निळा यांत महदंतर असू शकते, म्हणून ही पायरी वगळणाऱ्याला पुढे पस्तावावे लागते. त्यानंतर ठरलेल्या दिवशी मागणीचे आकडे गोठवले जातात आणि पैसे गोळा होतात. काही चिप्स खराब निघणार हे गृहीत धरून थोड्या जास्त मागवल्या जातात. ज्यांचा पृष्ठभाग किंचित फुगीर असतो आणि टेबलावर ठेवून बोटाने ढकलले की ज्या भोवऱ्यासारख्या फिरतात, त्या ‘स्पिनर’ चिप्सचा संग्राहकांना विशेष तिटकारा. माल आल्यावर वाटप, हिशेब आणि ‘माझ्या शंभरच्या चिप्स तीन कमी आल्या’ अशा तक्रारींचे निवारण. मोबदला म्हणून संयोजकाला मिळाले तर आभार मिळतात.

आपल्याकडच्या भिशीशी याचे साम्य वाटेल, पण एक महत्त्वाचा फरक आहे. भिशीतली माणसे एकमेकांना पाहिलेली असतात. इथे न्यू जर्सीतला संयोजक आणि ओरेगनमधला भागीदार आयुष्यात कधी भेटलेले नसतात. पेपालसारख्या सेवेतून पैसे पाठवताना दोन मार्ग असतात. मालाची खरेदी म्हणून पाठवले तर शुल्क पडते, पण फसवणूक झाल्यास दाद मागता येते. मित्र-कुटुंबीयांना म्हणून पाठवले तर शुल्क वाचते आणि संरक्षणही जाते. शिवाय मालाच्या खरेदीसाठी तो मार्ग वापरणे कंपनीच्या अटींत बसत नाही. तरीही काही टक्के वाचवण्याच्या मोहात हा दुसरा मार्ग धरणारे असतात. व्यवहार तडीस जातो तोवर ती काटकसर वाटते; संयोजक आजारी पडला वा बेपत्ता झाला की ती काय होती ते कळते.

आता आठशे डॉलरच्या सवलतीकडे येऊ. २०१६ पर्यंत ही मर्यादा दोनशे डॉलर होती. तेव्हाच्या कायद्याने ती चौपट केली. उदाहरणादाखल एक हिशेब मांडता येईल. तीस जण, प्रत्येकी पाचशे चिप्स, प्रत्येकाचा खर्च चारशे डॉलर. दहा ग्रॅमची चिप धरली तर एका संचाचे वजन पाच किलो, एकूण दीडशे किलो. एकूण किंमत बारा हजार डॉलर. मागणी एकत्र नोंदवायची, म्हणजे घाऊक भाव मिळतो. आणि कारखान्यालाच तीस निरनिराळ्या पत्त्यांवर तीस खोकी पाठवायला सांगायचे, म्हणजे प्रत्येक खोके आठशेच्या आत राहून शुल्कमुक्त ठरते. घडवताना एक, पोहोचवताना तीस, हे या खरेदीचे सारे अर्थशास्त्र होते. सीमेवर संयोजकाचे नाव कुठेही येत नव्हते.

ही घडी २०२५ मध्ये विस्कटली. एप्रिलमध्ये चिनी मालावरचे नवे शुल्क काही दिवसांत १४५ टक्क्यांवर गेले. २ मेपासून चीन आणि हाँगकाँगहून येणाऱ्या छोट्या पार्सलांची सूट संपली आणि टपालाने येणाऱ्या मालावर १२० टक्क्यांची आकारणी ठरली. पंधरवडाही झाला नाही तोच, जिनिव्हातील वाटाघाटींनंतर, ती ५४ टक्क्यांवर आली आणि सर्वसाधारण नवे शुल्क ३० टक्क्यांवर. ज्या संयोजकाने मार्चमध्ये पैसे गोळा करून मागणी नोंदवली असेल त्याचा माल तयार होईपर्यंत दर तीनदा बदलला. बारा हजारांच्या मालावर ३० टक्के म्हणजे ३,६०० डॉलर, आणि १४५ टक्के म्हणजे १७,४००, मालाच्या मूळ किमतीहून जास्त. हा फरक कोणी भरायचा, याचे उत्तर आधी ठरलेले नव्हते, कारण प्रश्नच कधी उद्भवला नव्हता.

दराचा प्रश्न एक वेळ सुटेल. वर्गणी वाढवून घेता येते. खरा पेच निराळाच आहे. सूट गेल्यावर तीस खोक्यांवर तीसदा आकारणी आणि तीसदा कुरिअरचे हाताळणी शुल्क सोसण्यापेक्षा सगळा माल एका खेपेत आणून आत आल्यावर वाटणे शहाणपणाचे ठरते. पण अडीच हजार डॉलरवरील खेप म्हणजे रीतसर आयात. त्यासाठी हमीपत्र लागते, बहुधा सीमाशुल्क दलाल नेमावा लागतो आणि कागदावर एक आयातदार लागतो. तो आयातदार म्हणजे आपला संयोजक. मालाचे वर्गीकरण चुकले, किंमत कमी दाखवली गेली, नंतर जादा शुल्काची मागणी आली, तर सरकार ओरेगनमधल्या भागीदाराला ओळखत नाही.

नमुन्याची जबाबदारीही ओघाने त्याच्याकडे येते. एखाद्या चित्रपटातील कॅसिनोचे नाव किंवा नामांकित मद्याचे बोधचिन्ह चिप्सवर उतरवण्याची हौस या वर्तुळात जुनी आहे. व्यापारचिन्हाचा भंग करणारा माल अमेरिकी सीमाशुल्क विभाग जप्त करू शकतो, आणि बारा हजार डॉलरची खेप छोट्या पार्सलापेक्षा नजरेत भरते. चालू कॅसिनोच्या चिपशी साधर्म्य तर पूर्ण वर्ज्य. २०१४ च्या जानेवारीत अटलांटिक सिटीतील बोर्गाटा येथे एका खेळाडूने चीनहून मागवलेल्या बनावट चिप्स स्पर्धेत घुसवल्या आणि स्पर्धाच रद्द करावी लागली. उरलेल्या चिप्स त्याने शेजारच्या हॉटेलातील शौचालयातून वाहून दिल्या. नळ तुंबले आणि तपास त्याच्यापर्यंत पोहोचला. संग्राहकांचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. पण चीनमधून आलेली चिप्सची मोठी पेटी उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तो प्रसंग आठवला, तर त्याला दोष कसा देणार?

नियमबदलाची झळ आपल्याकडेही पोहोचली होती. २५ ऑगस्टपासून भारतीय टपाल खात्याने अमेरिकेची पार्सले घेणे थांबवले, गणेश चतुर्थीच्या दोन दिवस आधी. ती सेवा १५ ऑक्टोबरला, दिवाळी तोंडावर आली असताना, पूर्ववत झाली. फराळाचे डबे पाठवणाऱ्यांना हा खंड चांगलाच स्मरणात असेल. भारताने स्वतः तर हे दार अगोदरच लावून घेतले आहे. भेटवस्तू म्हणून येणाऱ्या पार्सलांची शुल्कमाफी २०१९ च्या डिसेंबरात, राख्या आणि जीवरक्षक औषधे वगळता, बंद झाली. इथला कोणी हौशी परदेशातील सामूहिक खरेदीत सामील झाला तर त्याला शुल्क गृहीत धरूनच चालावे लागते.

करव्यवस्थेची एक विसंगती गोव्यात बसून अधिक जाणवते. सीमाशुल्कासाठी चिप म्हणजे दहा ग्रॅमची एक चकती, तिची किंमत घडणावळीची. मांडवीतील जहाजावर तीच चकती हातात घेतली की जीएसटी लागतो तो तिच्यासाठी मोजलेल्या दर्शनी रकमेवर, १ ऑक्टोबर २०२३ पासून २८ टक्के आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के. घरगुती संचातील चिपवरचा पाच हजारांचा आकडा मात्र कोणत्याच खात्याच्या लेखी काहीही नसतो.

अमेरिकेत ज्या आणीबाणीच्या अधिकारांखाली ही शुल्के लादली गेली त्यांच्या वैधतेवर ५ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयात सुनावणी झाली. निकाल शुल्कांच्या विरोधात गेला; पण पूर्वीची मोकळीक परत आली असती तरी ती फार काळ टिकणारी नव्हती. जुलैमध्ये संमत झालेल्या कायद्यानेच आठशे डॉलरची तरतूद १ जुलै २०२७ पासून रद्द केली आहे. अर्थात यापुढे सामूहिक खरेदी करायची तर पूर्वी तोंडी चालणाऱ्या गोष्टी लेखी कराव्या लागतील. शुल्कवाढ सर्वांत समप्रमाणात वाटली जाईल, दर अमुक मर्यादेपलीकडे गेला तर मागणी रद्द होईल, खराब चिप्सचा तोटा कोणाचा, संयोजकाच्या दलालाचा खर्च हिशेबात धरला जाईल की नाही. इतके सारे लिहून घेणाऱ्या माणसाने स्वतःच्या श्रमाचे चार पैसे लावले तर ते गैर म्हणता येणार नाही. मात्र असे पैसे लावले की तो विक्रेता होतो, आणि ज्याला पाचशे चिप्सचा एक संच हवा होता त्या माणसाला करविवरणपत्रात धंद्याचे उत्पन्न दाखवावे लागते.