कडुनिंबाचा हक्क जिंकला, आता बागायतदाराला खात्रीचं औषध द्या

प्रति,
माननीय कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य. कृषी आयुक्त, पुणे. आणि राज्यातील चारही कृषी विद्यापीठांचे कुलगुरू



फेब्रुवारीत मालाड स्थानकाबाहेर द्राक्षांच्या हातगाड्या लागतात. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांची आधी प्रयोगशाळेत तपासणी होते आणि औषधांचे अंश मर्यादेत असले तरच माल जहाजावर चढतो. आमच्या मुलांच्या हातात येणाऱ्या घडाबरोबर असा कुठलाही कागद नसतो. यात बागायतदाराला दोष द्यायला मी हे पत्र लिहीत नाही. त्याच्या हातात दुसरं खात्रीचं काही ठेवलेलंच नाही, ही माझी तक्रार आहे.

फळांसाठीच्या गोडी छाटणीनंतर पाऊस लांबला की द्राक्षावर डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो, थंडी पडली की भुरी. मण्यांत पाणी उतरू लागलं की रासायनिक औषधांची निवड आवळत जाते, कारण शेवटची फवारणी आणि काढणी यांत ठरलेले दिवस जावे लागतात. भुरीचा धोका तेव्हाही टळलेला नसतो. नैसर्गिक घटकांची खरी गरज इथे आहे. कडुनिंबाच्या तेलाचा थर बसला की भुरीला पानावर रुजणं अवघड जातं. बॅसिलस गटातले काही जिवाणू बुरशीला मारक द्रव्यं सोडतात. मात्र भर पावसात डाऊनी पसरत असताना एकट्या कडुनिंबावर बाग सोडा, असं मी म्हणणार नाही. तसं छातीठोकपणे सांगणारे शेतकऱ्याला बुडवतात.

कडुनिंबाच्या तेलाने पिकांवरची बुरशी रोखण्याच्या पद्धतीवर एका अमेरिकी कंपनीला आणि अमेरिकेच्या कृषी खात्याला १९९४ मध्ये युरोपात पेटंट मिळालं होतं. पर्यावरण कार्यकर्त्या वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. म्युनिकमधल्या युरोपीय पेटंट कार्यालयातल्या सुनावणीत १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे व सांगली जिल्ह्यांत झालेल्या चाचण्यांचा पुरावा मांडला गेला. २००० मध्ये पेटंट रद्द झालं आणि २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं. पुरावा आपल्या मातीतला होता! मग त्याच मातीतल्या शेतकऱ्याला आज दुकानदाराच्या तोंडी शिफारशीवर का विसंबावं लागावं?

जगाने निसर्गातून औषध शोधण्याचा धागा सोडलेला नाही. पाइनच्या शंकूंवर वाढणाऱ्या एका लहान भूछत्रातल्या द्रव्यावरून स्ट्रोबिल्युरिन गटाची बुरशीनाशकं घडवली गेली आणि १९९६ पासून ती बाजारात आहेत. पुढे अनेक देशांतल्या द्राक्षबागांत डाऊनी त्यांना दाद देईनाशी झाली. मूळ निसर्गातलं असलं तरी एकच औषध वारंवार मारलं की हेच होणार.

म्हणून मागणी अशी. नाशिक, सांगली आणि सोलापूरच्या बागांत कडुनिंब आणि बॅसिलससारख्या नैसर्गिक घटकांच्या चाचण्या घ्या. किती मात्रा, कोणत्या अवस्थेत, तेलाने मण्यावरची पांढरट झाक जाते का, हे तपासा. फसलेल्या चाचण्यांसह सगळे निष्कर्ष मराठीत छापा. ‘सेंद्रिय’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांचे नमुने दुकानांतून उचला, त्यांत छुपं रसायन आहे का ते पाहा आणि निकाल नावानिशी जाहीर करा.

पुढच्या गोडी छाटणीआधी या चाचण्यांवरून ठरलेलं फवारणीचं वेळापत्रक बागायतदाराच्या हातात पडावं, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक ग्राहक, मालाड (पश्चिम)